अकरा वाव

साळूबाईला पाण्याखालचं दिसतं, असं बोरखेड्यातली लहान पोरंसुद्धा सांगतात. खुद्द साळूबाईला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

बोरखेडं एक नाही, दोन आहेत. एक धरणाच्या फुगवट्याच्या काठावरचं, पत्र्याच्या घरांचं, शेवगावला जाणाऱ्या एसटीच्या थांब्याचं. दुसरं पाण्याखालचं. धरण पहिल्यांदा भरलं तेव्हा साळूबाई बारा वर्षांची होती. तिचा बाप जुन्या गावाची नाव चालवायचा. नदीच्या या काठावरची माणसं, शेरडं, सासरी निघालेल्या मुली त्या काठावर पोचवायचा. मग पाणी आलं आणि दोन्ही काठ बुडाले. नाव राहिली, पण पोचवायला काठच उरला नाही. तेव्हापासून ही भोयांची वस्ती मासे धरून जगते.

नदी बुडाली तरी सरकारी कागदावर ती अजून आहे. तिच्या मधोमध हद्द आहे. अलीकडचं पाणी मत्स्यखात्याचं. तिथं पावसाळ्याचे दोन महिने मासेमारी बंद, एरवी चार बोटं जातील एवढ्या डोळ्याचं जाळं चालतं. पलीकडचं पाणी पक्ष्यांसाठी राखलेलं, ते वनखात्याचं. तिथं दिवाळीपासून होळीपर्यंत जाळंच काय, गळसुद्धा टाकायचा नाही. माशाला यातलं काही ठाऊक नाही. तो सकाळी मत्स्यखात्यात असतो आणि दुपारी वनखात्यात जातो. भोयांना मात्र दोन्ही कायदे पाळावे लागतात, आणि पाणी तर सगळीकडे सारखंच दिसतं.

म्हणून जुन्या लोकांनी खूण धरून ठेवली होती. काठाजवळच्या पाण्यात एक वाळलेली चिंच उभी आहे. तिच्या मागे टेकाडावर भैरोबाचं देऊळ. होडीतून काठाकडे तोंड करून पाहायचं. देवळाचा कळस चिंचेच्या उजव्या अंगाला दिसला की आपण आपल्या पाण्यात. कळस बुंध्यामागे लपला की होडी नदीच्या मध्यावर. डाव्या अंगाला निघाला की परक्या पाण्यात आलो, गपगुमान मागे फिरायचं. ना तार, ना खांब, ना पाटी. पन्नास वर्षं गावानं देवाच्या कळसावर हद्द राखली आणि एकदाही गुन्हा झाला नाही, याचा बोरखेड्याला भारी अभिमान होता.

पौषातल्या एका सकाळी साळूबाईचा मुलगा बजरंग रिकामी होडी घेऊन काठाला लागला. त्याची बायको धनश्री मासे घ्यायला पाटी घेऊन उभी होती. हा गडी खाली मान घालून होडी ओढतोय, पण होडीत मासा नाही आणि जाळंही नाही.

"जाळी कुठं हायेत?" धनश्रीनं विचारलं.

"फारेस्टवाल्यानं नेली."

"किती?"

"नऊच्या नऊ."

धनश्रीनं पाटी खाली ठेवली. पावसाळ्याच्या बंदीत दोन महिने सासू-सुनेनं दारात बसून ती नऊ जाळी विणली होती. दुकानात तयार जाळं मिळतं, पण त्याचा डोळा बारीक असतो आणि त्यात बोटाएवढं पिल्लूही अडकतं. साळूबाईला ते पटत नाही. ती प्रत्येक डोळ्यात चार बोटं घालून पाहते, बोटं अडकली की गाठ सोडायला लावते. नायलॉनच्या दोऱ्यानं धनश्रीच्या बोटांची पेरं चिरली होती. ती हळद भरून पुन्हा विणायला बसायची. हे सगळं कशासाठी, तर हिवाळ्यासाठी. हिवाळ्यातच रोहू नि कटला अंगानं भरतात. होळीनंतर पाणी उतरतं, मासा खोलात जातो आणि मग जाळं असून नसल्यासारखंच.

"कुठं टाकली हुती?" साळूबाईनं मुलाला विचारलं.

"आपल्याच पान्यात, आये. भैरोबाची आन. कळस चिंचेच्या उजव्या अंगाला हुता. चांगला हातभर हुता."

बजरंग खोटं बोलला की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात, हे आईला त्याच्या शाळेपासून माहीत. आता पस्तिशीचा झाला तरी कान तेच. साळूबाईनं कानांकडे पाहिलं. कान जसेच्या तसे होते.

"मग चल," ती म्हणाली, "जाळी घिऊन येऊ."

वनखात्याची चौकी कोसभर लांब होती. दोघं चालत गेली. चौकीच्या मागे सिमेंटच्या ओट्यावर जाळ्यांचा ढीग पडला होता. बुचं, दगड, शेवाळ, सगळं एकात एक गुंतलेलं आणि आत तीन-चार कटले मरून पडलेले. साळूबाई आत जाऊन कोणाला भेटायचं सोडून आधी त्या ढिगापाशी बसली आणि मासे सोडवायला लागली.

"मावशी, हात लावू नका. जप्तीचा माल हाय." वनरक्षक बाहेर आला.

"आरं, आत मासं मेल्यात. वास सुटला की उंदरं येत्यात. नऊ जाळ्यांच्या चिंध्या करत्याल."

"असू द्या. नियम हाय. तुमी तिकडं बाकड्यावर बसा."

साळूबाईनं हात काढून घेतले आणि पदराला पुसले. स्वतःच्या हातांनी विणलेलं जाळं, त्याला हात लावायची चोरी. बाकड्यावर बसली खरी, पण तिची नजर ढिगावरच होती आणि मांडीवरची बोटं आपोआप गाठी सोडवत होती. माणसाला इतकं ओशाळं करायला शिवी द्यावी लागत नाही.

वनरक्षकाचं नाव भागवत. तिसगावाकडचा पोरगा, आईबाप ऊसतोडीला जाणारे. परीक्षा देऊन नोकरीला लागला आणि दिवाळीत इथं आला. ज्या गावात पाणी टँकरनं येतं, तिथला माणूस सरकारनं समुद्राएवढ्या पाण्याच्या राखणीला ठेवला. त्याला पोहता येत नव्हतं. पण होता सरळ. दिवसातून दोनदा होडीत बसून जीव मुठीत धरून फिरायचा, आणि कोणाकडून मासा घ्यायचा नाही. यामुळे गावात त्याच्याबद्दल थोडी नाराजीच होती.

त्यानं मोबाईल पुढे केला. "ही बघा मावशी, ही हद्दीची रेघ. हा ठिपका म्हंजी जाळी हुती ती जागा."

"ठिपका तर हालतोय."

"रेंज न्हाई म्हनून हालतो," भागवत जरा कमी जोरात म्हणाला. "पन जागा मी सोडली न्हाई. तिथंच डबा टाकलाय. दगडाला बांधून. लाल फडकं लावलंय त्याला."

एवढ्यात मच्छीमार सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब मोटारसायकलवरून आले. पांढरे कपडे, खिशात दोन पेनं. आप्पासाहेब स्वतः भोईच, पण आता जाळ्यापेक्षा माईक धरायची सवय जास्त.

"भागवतराव, तुमचा मोबाईल राहू द्या खिशात," ते म्हणाले. "आमच्या काकूंना नदी दाखवायला रेंज लागत न्हाई. ह्यांच्या वडलांनी त्या नदीवर नाव चालवली. काकू दोरी टाकून नदी दाखवत्याल. तुमचा डबा नदीच्या अलीकडं निघाला, तर जाळी तिथल्या तिथं परत. हाय कबूल?"

"आन् पलीकडं निघाला तर?"

आप्पासाहेब हसले. बजरंगही हसला. साळूबाई हसली नाही.

"तर जाळी तुमची," ती म्हणाली. "आमी तोंड उघडनार न्हाई."

भागवतनं साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, पंचांसमोर तपासा आणि निघेल ते लिहा. जाता जाता हेही म्हणाले, की बजरंग दुसऱ्यांदा सापडला तर मासेमारीचा पास कायमचा जाईल.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा होडी निघाली. वारं पडलेलं होतं. पाण्यावर धुकं नव्हतं, फक्त पाणकावळे पंख वाळवत चिंचेवर बसले होते. बजरंग वल्ह्यावर. साळूबाई पुढच्या टोकाला. मध्ये भागवत, नारिंगी जाकीट घालून, दोन्ही हातांनी होडीची कड धरून. वही मांडीखाली दाबलेली. मागे आप्पासाहेब, पँट घोट्यापर्यंत दुमडून.

साळूबाईजवळ एक दोरी होती. टोकाला जात्याच्या तळीचा तुकडा बांधलेला. जुन्या घरातलं जातं पाणी आलं त्या धावपळीत फुटलं, त्याचा एवढाच तुकडा बापानं आणला होता. दोरीला दर वावाला एक गाठ. दोन्ही हात ताणून पसरले की एक वाव. पण हे वाव साळूबाईच्या हातांचे नव्हते, बापाच्या हातांचे होते. दोरी कुजली की ती नवी दोरी जुनीच्या शेजारी ठेवून गाठी उतरवून घ्यायची. चार दोऱ्या झाल्या, पण बापाचे हात तेवढेच राहिले.

वीस वल्ही मारली की बजरंग थांबायचा. साळूबाई दगड सोडायची. दोरी तिच्या तळव्यातून सरसरत जायची आणि प्रत्येक गाठ अंगठ्याला लागायची. तळाला दगड टेकला की ती आकडा सांगायची आणि भागवत लिहायचा.

"पाच," ती म्हणाली. "हे पाटलाचं वावर. हितं भुईमूग लई यायचा."

पुढे. "पाच. ही पानंद. ह्या पानंदीनं आमी शाळंला जायचो."

"शाळा कुठं हुती, मावशी?" भागवतनं विचारलं. तो कड धरायला विसरला होता.

"तुमच्या उजव्या हाताला. वडाखाली." तिनं पाण्याकडे बोट केलं आणि तो तिकडे बघायला लागला. पाण्यात काय दिसणार, पण तो बराच वेळ बघत होता.

"साडेचार. हा मळ्याचा बांध. ह्यावर मी पडल्ते, ही बघा हनुवटीला खूण."

आप्पासाहेबांची छाती फुगत चालली होती, आणि फुगावी असंच ते होतं. साठ वर्षांची बाई डोळे अर्धे मिटून एका दोरीवर अख्खं गाव वर काढत होती. बजरंग वल्हं मारताना तिच्या हाताकडे बघत होता. इतक्या वर्षांत तो आईबरोबर दोरी टाकायला कधी आला नव्हता. कळस दिसतो, चिंच दिसते, मग दगड कशाला बुडवायचा, असं त्याचं म्हणणं असायचं. आता मात्र तिनं आकडा सांगितला की त्याचे ओठही हलायचे. पाच, पाच, साडेचार.

लाल फडकं आता नीट दिसायला लागलं होतं. डबा अजून सव्वाशे पावलं पुढे होता. साळूबाईनं दगड सोडला.

पाचवी गाठ गेली. दोरी थांबली नाही. सहावी गेली. सातव्या गाठीला दगड टेकला.

साळूबाईला कळलं. हाच तो उतार. इथंच बाप नाव लावायचा आणि हाक मारायचा. इथून नदी सुरू झाली होती, आणि डबा अजून कुठल्या कुठे पुढे होता.

साळूबाई दोरी हातात तशीच धरून बसली.

"पाचच की काकू?" मागून आप्पासाहेब म्हणाले. ते काय समजायचं ते समजले होते, मासे नाही तर माणसं धरण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. "आजून वावरच चाललंय न्हवं? नदी लांब हाय आजून."

"लिहू का पाच?" भागवतनं विचारलं. त्याला गाठी मोजता येत नव्हत्या. होडीत कोणालाच येत नव्हत्या. दोरी पाण्यात होती आणि आकडा एकट्या साळूबाईच्या अंगठ्याखाली होता. तिनं पाच म्हटलं असतं तर पाचच लिहिलं गेलं असतं. आणखी पाच-सहा वेळा पाच म्हणायचं, मग डब्याच्या पुढे जाऊन अकरा म्हणायचं, की नऊ जाळी घरी. तिला धनश्रीची पिवळी झालेली बोटं आठवली. ओट्यावर पडलेला ढीग आठवला. 

बजरंग तिच्या तोंडाकडे बघत होता. आकडा ऐकायला त्याचे ओठ अर्धवट उघडे होते.

"सात," साळूबाई म्हणाली.

आप्पासाहेब खोकले.

"सात," ती पुन्हा म्हणाली. "ल्हा सात. हितनं नदी."

बजरंग पुन्हा वल्हवायला लागला. नऊ. मग अकरा. अकराला ती म्हणाली, "हा मधला धस, सगळ्यात खोल. हद्द हितं." मग पुन्हा नऊ. सात. दगड वर यायला लागला तसतसा बजरंगचा चेहरा खाली जात होता. पाच. पलीकडचा काठ. त्यानंतर आणखी वीस पावलांवर लाल फडक्याचा डबा पाण्यावर डुलत होता.

"म्हंजी डबा पलीकडं, मावशी?" भागवतनं अगदी हळू विचारलं. जिंकल्यासारखा आवाज त्याचा नव्हता.

"पलीकडं."

"आये, आगं पन तिकडं बघ की!" बजरंगनं वल्हं टाकून काठाकडे हात केला. "ही चिंच. त्यो कळस. उजव्या अंगाला हाय का न्हाई? सांग तूच!"

साळूबाई वळली. कपाळावर हात धरला. खरंच होतं. डब्याशेजारून पाहिलं तरी कळस चिंचेच्या उजव्या अंगालाच लखलखत होता, चांगला हातभर. खूण म्हणत होती हे पाणी आपलं. दोरी म्हणत होती परकं. बापाच्या हातांचे वाव खोटे असायची शक्यता नव्हती आणि भैरोबाला खोटं म्हणायची छाती नव्हती. ती बराच वेळ कळसाकडे बघत राहिली. कळस नवाकोरा होता. उन्हात डोळ्यांना टोचत होता.

आणि मग ती हसायला लागली. आधी खांदे हलले, मग दात नसलेलं तोंड उघडलं, मग डोळ्यांना पाणी आलं.

"बजरंग्या," ती म्हणाली, "भैरोबाला आपन चैतात कुठं बसवला रं?"

बजरंगचा हात तसाच हवेत राहिला.

गेल्या चैत्रात गावानं भैरोबाचं नवं देऊळ बांधलं होतं. जुन्या देवळाखालची जमीन पाण्यानं खचत चालली होती, म्हणून नवा चौथरा पन्नास पावलं अलीकडे, गावाच्या बाजूला घेतला. साऱ्या गावानं घाम गाळला. साळूबाईनं स्वतः डोक्यावर वाळू वाहिली आणि कळस चढवताना बायकांत पहिला हात तिनं लावला. देव पन्नास पावलं सरकला आणि देवाबरोबर गावाची हद्दही सरकली, हे शंभर घरांत एकाच्याही ध्यानात आलं नाही. पावसाळ्याची बंदी सोडली तर दिवाळीपर्यंत दोन्हीकडचं पाणी खुलं असतं, त्यामुळे तोवर कोणाचं काही अडलं नाही.

"चिंचंवरनं ताणलेल्या दोरीचं देवळाकडचं टोक वीतभर हाललं," ती भागवतला म्हणाली, "तर चिंचंच्या अल्याड पान्यातलं टोक हातभर हालतं. तिथं पन्नास पावलं, हितं शंभर. पोरगं खोटं बोललं न्हाई, साहेब. पन जाळी तुमच्याच पान्यात हुती."

भागवतनं पेन्सिल वहीवर टेकवली आणि उचलली. "मावशी, मी असं ल्हितो, दोरी शेवाळात अडकली, हद्द कळली न्हाई. साहेब काय इचारायला येत न्हाईत हितं."

"निघालं ते ल्हा," साळूबाई म्हणाली. "पन देवळाचं बी ल्हा. आमी चोर न्हाई, येडे हाय, येवढं कागदावर येऊ द्या."

त्यानं तसंच लिहिलं. जाळी मात्र गेली ती गेली.

आप्पासाहेब काठाला उतरले ते कोणाशी न बोलता मोटारसायकल काढून गेले. पण गोष्ट गावात पोचायला तासही लागला नाही. बोरखेड्याची एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्या दुपारी ना बैठक झाली, ना कोणी कोणाला सांगितलं. एकेक करून सगळ्या होड्या पाण्यात गेल्या आणि ज्याची त्याची जाळी शंभर पावलं अलीकडे आली. कोणी पाहत नव्हतं. भागवत तर चौकीवर जेवत होता.

घरात धनश्री दोन दिवस सासूशी बोलली नाही. ताट वाढायची, तांब्या ठेवायची, पण भाकरी अशी थापायची की शेजारच्या घरात ऐकू जावी. साळूबाईनं ते ऐकून घेतलं. सुनेचा राग खरा होता आणि तिला तो खराच वाटत होता. तिसऱ्या दिवशी साळूबाईनं नायलॉनचं नवं रीळ काढलं, दारातल्या खांबाला पहिली गाठ मारली आणि एकटीच विणायला बसली. दुपारपर्यंत वीतभर झालं.

धनश्री येऊन उंबऱ्यावर बसली.

"आत्या, एक इचारू?"

"इचार."

"साताच्या जागी पाच म्हनला असता, तर कुनाला कळलं असतं?"

"कुनालाच न्हाई."

"मग?"

साळूबाईनं गाठ ओढली. "बजरंग्या मोजत हुता गं माज्यासंगं. त्याचं व्हट हालत हुतं. इतक्या वर्सांत पयल्यांदा आला त्यो नदी शिकाया. त्या येळंला मी साताला पाच म्हनले असते, तर त्याच्या डोक्यात नदी चुकीच्या जागंवर बसली असती. जाळी काय, आपुन परत इनू. मी मेल्यावर नदी त्यानं कुठं हुडकायची?"

  धनश्रीनं फळीवरची दुसरी सुई काढली, हळदीची वाटी जवळ ओढली आणि खांबाच्या दुसऱ्या बाजूनं विणायला लागली. संध्याकाळपर्यंत दोघींचं मिळून हातभर जाळं झालं. साळूबाईनं सुनेनं विणलेले डोळे चार बोटांनी तपासले आणि त्यातली एक गाठ सोडायला लावली.

आठवड्यानं आप्पासाहेब आले. मागे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर पंचवीस हात लांबीचा कळकाचा बांबू.

"काकू," ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाले, "त्या दिशी मी जरा चुकीचं बोललो. ह्ये जुन्या देवळाच्या जागंवर रोवायचंय. जागा तेवढी दाखवा."

जुन्या गाभाऱ्याचा दगड अजून गवतात होता. त्याच्या बरोब्बर मध्यावर काठी रोवली, टोकाला भैरोबाची भगवी पताका लावली. देव नव्या घरात राहिला, खूण जुन्या घरी परत आली. भागवतही आला होता. सगळे पांगल्यावर तो साळूबाईजवळ येऊन उभा राहिला.

"मावशी, जाळी जप्तच हायेत. त्ये माज्या हातात न्हाई."

"म्हाईत हाय रं."

"पन मी धुऊन काढली. मासं सोडवलं. चौकीमागं सावलीत टांगलीत, उंदीर पोचनार न्हाई अशी. शेवाळ सोडवायला तीन दिस लागलं." त्यानं हात पुढे केले. पेरं चिरली होती.

साळूबाईनं ते हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "हळद लाव," ती म्हणाली, आणि तिला तो पोरगा एकदम आवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बजरंग एकटाच होडी घेऊन निघाला. जाळं नव्हतं. जात्याचा तुकडा आणि दोरी घेऊन गेला होता. साळूबाई टेकाडावर जाऊन काठीला पाठ लावून बसली. समोर चिंच, चिंचेपलीकडे पाणी. वारं नव्हतं, त्यामुळे त्याचा आवाज पाण्यावरून तिच्यापर्यंत येत होता.

"पाच!" तो स्वतःशीच ओरडत होता. "पाच! ... साडेचार!"

"मळ्याचा बांध," ती इथं पुटपुटली.

"सात!"

ती उठून उभी राहिली. काठीला एक हात धरला आणि एक डोळा मिटून चिंचेच्या बुंध्याकडे बघत राहिली. होडी डाव्या अंगानं हळूहळू बुंध्याकडे सरकत होती. नऊ आला. मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. होडीचं टोक बुंध्याआड गेलं, मग वल्हं, मग बजरंग, मग सगळी होडीच दिसेनाशी झाली.

"अकरा!" चिंचेच्या मागून आवाज आला.